रेगे आणि डब पाहायचंय? इथून सुरुवात करा

देवनागरीत 'रेगे' असं टाकून व्हिडिओ शोधले तर आधी रेगे आडनावाची मंडळी येतात, मग २०१४ सालचा त्याच नावाचा मराठी सिनेमा येतो आणि जमैकाचं रेगे संगीत कुठेतरी फार खाली सापडतं. 'डब', म्हणजे रेगे गाण्यातला आवाज आणि वाद्यं गाळत, घुमवत केलेलं त्याचं नवं रूप, शोधलं तर हिंदीत डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. शोध इंग्रजी अक्षरांत करा आणि त्यात कलाकाराचं नाव, जागा आणि साल या तिन्ही गोष्टी घाला. नुसतं 'बॉब मार्ली लाइव्ह' शोधलं की अर्धवट कापलेले, आवाज बिघडलेले असंख्य तुकडे समोर येतात. 'बॉब मार्ली, रेनबो, १९७७' असं शोधलं की नेमकी मैफल हाती लागते. खाली बहुतेक शिफारशींसोबत जागा आणि साल दिलंय ते याचसाठी.

मार्लीचा चेहरा टी-शर्टवर पाहिलाय, गोव्याच्या एखाद्या शॅकमध्ये 'नो वुमन, नो क्राय' कानावर पडलंय, पण पुढे काय ऐकावं, काय पाहावं ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. या संगीताचं मर्म त्यातल्या रिकाम्या जागांमध्ये आहे, असं मला बऱ्याच वर्षांच्या ऐकण्यानंतर ठामपणे वाटतं. ढोल कुठे पडत नाही, गिटार कुठे थांबते, आवाज कुठे गाळलाय याकडे लक्ष गेलं की रेगे उलगडतं, आणि डब तर पूर्णच त्यावर उभं आहे. व्हिडिओचा फायदा असा की ही रिकामी जागा डोळ्यांना दिसते. ड्रमवाल्याचा हात हवेत थांबलेला दिसतो.

आधी आवाजाची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर रेगे पाहू नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून बास जवळजवळ येतच नाही, आणि रेगेत बास म्हणजे मागची साथ नसते. बऱ्याच गाण्यांत खरी चाल बासच धरून असतो आणि गिटार, ऑर्गन त्याच्याभोवती फिरतात. बास गेला की गाण्याचा सांगाडाच गेला. साधे वायरवाले इअरफोन चालतील, कान झाकणारे हेडफोन असतील तर उत्तम. घरी सबवूफर असलेलं होम थिएटर असेल तर टीव्हीवर लावा, फक्त शेजाऱ्यांची वेळ सांभाळा.

खात्री करायची असेल तर हा प्रयोग करून बघा. वर सांगितलेल्या लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या मैफलीतलं 'एक्सोडस' एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका आणि लगेच हेडफोन लावून ऐका. दुसऱ्यांदा तुम्हाला एक अख्खं वाद्य नव्याने सापडेल.

आणखी एक काळजी घ्या. कॉपीराइटच्या कचाट्यातून सुटण्यासाठी काही लोक व्हिडिओचा वेग किंवा सूर किंचित बदलून चढवतात. गाणं चिपमंकसारखं बारीक वाटलं, किंवा माणसं जरा जास्तच भराभर हलताना दिसली, तर तो व्हिडिओ सोडून द्या. कलाकाराची, रेकॉर्ड कंपनीची किंवा मूळ टीव्ही वाहिनीची अधिकृत चॅनेल आधी बघा. 'रॉकपालास्ट' हा जर्मन टीव्हीवरचा मैफलींचा कार्यक्रम नवशिक्यांसाठी खजिना आहे. आवाज स्वच्छ असतो आणि कॅमेरा वादकांच्या हातांवर टिकतो.

मग मोजायला शिका

आपल्या कानाला समेवर येण्याची सवय आहे. तबला असो, ढोल-ताशा असो, पहिल्या मात्रेवर वजन पडतं आणि मान आपोआप डोलते. खालीला डग्गा मिटतो, ताल हलका होतो, आणि पुन्हा समेवर सगळे भेटतात. रेगेचा जो मूळ ताल आहे, 'वन ड्रॉप', त्यात हे उलटं होतं. एक, दोन, तीन, चार असं मोजा. 'एक'वर ढोल नाही, जागा मोकळी सोडलेली. दोनवर आणि चारवर गिटारचा छोटा, कोरडा 'चक्' येतो, त्याला स्कँक म्हणतात. आणि तीनवर पायाचा मोठा ढोल आणि स्नेअर या छोट्या ढोलाच्या कडेवरचा ठोका एकदम पडतात. म्हणजे आपण जिथे सम शोधतो तिथे शांतता, आणि जिथे खाली अपेक्षित असते तिथे सगळं वजन.

पहिले दोन-चार दिवस हे चुकीचंच मोजलं जाईल. गिटारच्या 'चक्'लाच आपण 'एक' धरतो. काही बिघडत नाही. व्हिडिओचा वेग पाऊणपट करा, ड्रमवाल्याच्या उजव्या पायाकडे बघा आणि पाय पडला की 'तीन' म्हणा. 'वन ड्रॉप' नावाचं मार्लीचं गाणंच आहे, १९७९ च्या 'सर्व्हायव्हल' या अल्बममधलं. सरावाला ते घ्या. ड्रमवर कार्लटन बॅरेट, बासवर त्याचा भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणत. हे दोन भाऊ म्हणजे मार्लीच्या बँडचा, वेलर्सचा, कणा.

पुढे आणखी दोन चाली भेटतील. 'स्टेपर्स'मध्ये ढोल चारही मात्रांवर पडतो, मिरवणुकीत चालल्यासारखा. 'एक्सोडस' तसंच आहे. आणि 'रॉकर्स'मध्ये ढोल अधिक भरगच्च होतो, ती घडवण्यात स्लाय डनबार या ड्रमरचा मोठा वाटा. पण घाई नको. वन ड्रॉप अंगात भिनल्याशिवाय या दोहोंची मजा येत नाही.

पहिली मैफल: लंडन, १९७३

सुरुवात 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या बीबीसीच्या कार्यक्रमातल्या दोन गाण्यांनी करा: 'स्टर इट अप' आणि 'काँक्रीट जंगल'. वेलर्स तेव्हा 'कॅच अ फायर' हा अल्बम घेऊन इंग्लंडमध्ये फिरत होते. छोटा स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत, दिव्यांचा झगमगाट नाही. मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर हे तिघं एकत्र दिसतात, आणि हेच या चित्रणाचं मोल आहे. थोड्याच काळात हे त्रिकूट फुटलं.

'स्टर इट अप' तीनदा पाहा असं मी सांगेन. पहिल्यांदा नुसतं पाहा. दुसऱ्यांदा फक्त टॉशकडे लक्ष द्या. त्याच्या गिटारचा वाव-वाव असा आवाज पायाखालच्या पेडलमधून येतो, आणि तो किती थोडं वाजवतो ते बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून तिघांचे सूर वेगळे करायचा प्रयत्न करा. किंग्स्टनच्या ट्रेंच टाउन वस्तीत जो हिग्ज नावाच्या गायकाने या पोरांना सुरात सूर मिसळायला शिकवलं होतं. त्या तालमीची फळं इथे ऐकू येतात.

याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत झालेलं चित्रीकरणही आहे. ते कित्येक वर्षं हरवलेलं होतं आणि २०२१ साली प्रसिद्ध झालं. तोवर बनी दौऱ्यातून बाहेर पडला होता. त्याच्या जागी उभा आहे तो गुरू, जो हिग्ज. शिष्यांच्या बँडमध्ये गुरू साथीला उभा आहे, हे माहीत असेल तर ती मैफल वेगळीच दिसते.

दुसरी: रेनबो थिएटर, जून १९७७

एकच पूर्ण मैफल बघायला वेळ असेल तर ही बघा. मागची गोष्ट आधी समजून घ्या. ३ डिसेंबर १९७६ ला किंग्स्टनमधल्या होप रोडवरच्या मार्लीच्या घरावर बंदूकधारी माणसं चालून आली. तो, त्याची बायको रीटा आणि मॅनेजर जखमी झाले. दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, तो ठरलेल्या जाहीर कार्यक्रमात गायला. मग त्याने जमैका सोडलं, लंडन गाठलं आणि तिथे 'एक्सोडस' हा अल्बम घडला. जूनच्या सुरुवातीला रेनबो थिएटरमध्ये तो उभा राहिला तेव्हा त्या गोळीबाराला सहाच महिने झाले होते.

'ट्रेंचटाउन रॉक'पासून सलग पाहा. मागे तीन बायका एकाच लयीत हलत सूर धरतायत: रीटा मार्ली, ज्युडी मोव्हॅट आणि मार्शा ग्रिफिथ्स, म्हणजेच 'आय थ्रीज'. मार्शा ग्रिफिथ्स तर त्याआधीपासूनच जमैकातली मोठी गायिका होती. 'वॉर' येईल तेव्हा शब्दांकडे कान द्या. ते मुळात भाषण आहे. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याने १९६३ साली संयुक्त राष्ट्रांसमोर केलेलं भाषण जवळजवळ तसंच्या तसं चालीत बसवलंय. वंशभेद संपत नाही तोवर युद्ध संपणार नाही, असा त्याचा गाभा. जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे लोक सेलासीला देव मानतात आणि १९६६ च्या एप्रिलमध्ये तो किंग्स्टनला आला तेव्हा विमानतळावर प्रचंड लोटलेल्या गर्दीची आठवण अजून सांगितली जाते. गाण्यांत 'बॅबिलॉन' म्हणजे जुलमी सत्ता आणि 'झायन' म्हणजे परतायची पवित्र भूमी, म्हणजेच आफ्रिका. एवढे दोन शब्द कळले की निम्मी रेगे गाणी कळू लागतात.

शेवटची 'गेट अप, स्टँड अप' आणि 'एक्सोडस' ही दोन गाणी चुकवू नका. मार्लीच्या नाचाकडे सगळेच बघतात. तुम्ही फॅमिली मॅनकडे बघा. तो जवळजवळ हलत नाही आणि सगळं थिएटर हलतंय.

तिसरी: दोन नेत्यांचे हात

२२ एप्रिल १९७८, किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम, 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'. जमैकात तेव्हा दोन पक्षांच्या वस्त्यांमध्ये रक्तपात चालू होता. 'जॅमिंग' गाता गाता मार्ली पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावतो आणि दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरतो. हे दृश्य 'हार्टलँड रेगे' या माहितीपटात आहे. चित्र दाणेदार आहे, आवाज खडबडीत. तरीही बघा. दोन्ही नेत्यांचे चेहरे बघा, किती अवघडलेत ते.

त्याच मंचावर पीटर टॉशने गाण्यांच्या मध्ये लांबलचक, जळजळीत भाषण केलं, पोलिसांवर आणि सत्तेवर. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला बेदम मारलं. आणि शांतता टिकली का? नाही. १९८० च्या निवडणुकीत शेकडो माणसं मारली गेली. हे ठाऊक असूनही तो हात धरण्याचा क्षण मला दर वेळी थांबवतो. गाणं काय करू शकतं आणि काय नाही, दोन्ही तिथे एकाच चौकटीत दिसतं.

मार्लीच्या पलीकडे

इथे बरेचजण थांबतात, आणि ते फार मोठं नुकसान आहे. पुढच्या मैफलींना मी वारंवार परत जातो.

ब्लॅक उहुरू, एसेन, १९८१, रॉकपालास्ट. मायकल रोझ, डकी सिम्पसन आणि प्यूमा जोन्स पुढे. मागे स्लाय डनबार ड्रमवर आणि रॉबी शेक्सपिअर बासवर. स्लाय आणि रॉबी ही जोडी म्हणजे एकच वाद्य दोन माणसं वाजवतायत असं वाटावं. १९७० च्या दशकातल्या मार्लीनंतर हे ऐकलं की आवाज किती कडक, किती यांत्रिक झालाय ते जाणवतं, आणि तरी काही हरवलेलं नाही. माझ्या मते रेगेच्या टीव्ही चित्रीकरणातलं हे सर्वांत ताकदीचं.

डेनिस ब्राउन, माँत्रो (स्वित्झर्लंड), १९७९. आवाजाची ऊब अनुभवायची असेल तर हा. लहान मुलगा असल्यापासून गात आलेला, जमैकातल्या लोकांच्या मनात मार्लीइतकाच जवळचा.

पीटर टॉश, लॉस एंजेलिसचं ग्रीक थिएटर, १९८३. 'कॅप्चर्ड लाइव्ह' या नावाने मिळतं. बर्निंग स्पिअरच्या ऐंशीच्या दशकातल्या युरोपातल्या मैफली मिळतील तशा पाहा. त्याचं गाणं म्हणजे एकच ओळ घोळवत, घोळवत नेणं. आपल्या भजनात टाळकरी एका चरणावर रमतात, तसं.

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातला स्टील पल्स हा बँडही इथेच जोडून घ्या. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या काळ्या मुलांचा राग वेगळा आहे, शहरी आहे.

सिनेमातली तीन दृश्यं

आख्खे सिनेमे नंतर पाहा, आधी ही दृश्यं शोधा. 'द हार्डर दे कम' (१९७२) मध्ये टूट्स अँड द मेटल्स स्टुडिओत 'स्वीट अँड डँडी' रेकॉर्ड करतायत आणि जिमी क्लिफने रंगवलेला खेड्यातून आलेला पोरगा ते भारावून बघतोय. 'रेगे' हा शब्द गाण्याच्या नावात पहिल्यांदा आणला तो याच टूट्सने, १९६८ च्या 'डू द रेगे'मध्ये.

दुसरं 'रॉकर्स' (१९७८) मधलं. रात्र, समुद्र, आणि बर्निंग स्पिअर कोणत्याही वाद्याशिवाय 'जा नो डेड' गातो. मागे फक्त लाटा. ज्याला रेगे म्हणजे मौजमजेचं किनाऱ्यावरचं संगीत वाटतं त्याला मी हे दृश्य दाखवतो. सिनेमातली बोली जमैकन पॅटवा आहे. इंग्रजी चांगलं येत असलं तरी उपशीर्षकं लावूनच पाहा.

तिसरं 'बॅबिलॉन' (१९८०) मधलं, दक्षिण लंडन. साउंड सिस्टिमच्या, म्हणजे स्पीकरच्या भिंती लावून गाणी वाजवणाऱ्यांच्या, सामन्यात खुद्द जा शाका हा नावाजलेला सिस्टिमवाला दिसतो. ते का महत्त्वाचं, ते पुढे.

आता डब

डबची गोष्ट एका चुकीपासून सांगतात. १९६७-६८ च्या सुमाराला स्पॅनिश टाउनचा रडी रेडवुड आपल्या साउंड सिस्टिमसाठी एका गाण्याची खास तबकडी कापून घ्यायला ट्रेझर आइल स्टुडिओत गेला. इंजिनिअरकडून गायकाचा आवाज घालायचा राहिला. रडीने ती तशीच नेली, आधी मूळ गाणं वाजवलं, मग ही आवाज नसलेली तबकडी. लोकांनी गाणं स्वतः म्हटलं. त्या रात्रीपासून 'व्हर्जन' ही चीज जन्माला आली. तबकडीच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला गाण्याचा सांगाडा.

त्या सांगाड्याचं शिल्प केलं ते किंग टबीने. खरं नाव ऑस्बोर्न रडॉक. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीत, ड्रॉमिली ॲव्हेन्यूवर राहणारा हा माणूस मुळात इलेक्ट्रिकचा कारागीर. रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, ॲम्प्लिफायर बांधायचा. घरातल्या छोट्या खोलीत चार ट्रॅकच्या मिक्सरवर तो तयार गाणं घ्यायचा आणि एकेक वाद्य बंद-चालू करत नवीन गाणं घडवायचा. आवाज येतो, एका शब्दावर तुटतो, त्या शब्दाचा प्रतिध्वनी लांब जात राहतो, मध्येच नुसता ड्रम, मग बास छातीवर येऊन आदळतो. आवाज घुमवणारं स्प्रिंग रिव्हर्बचं यंत्र हाताने ठोकून गडगडाट काढायचा. मिक्सर हेच त्याचं वाद्य होतं. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याच्या घराबाहेर त्याला गोळी घालून मारलं.

टबी काम करताना दिसतो असं चित्रण हाती लागत नाही. म्हणून डब शिकायची पद्धत थोडी वेगळी ठेवा.

आधी जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' पूर्ण ऐका. दोनदा ऐका, चाल तोंडात बसू द्या. मग लगेच 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन' लावा. तेच गाणं आहे. निर्माता ऑगस्टस पाब्लो, जो मेलोडिका या लहान मुलांच्या फुंकायच्या पेटीवर जादू करायचा. मूळ गाणं मनात वाजत असेल तरच डबमध्ये गाळलेल्या जागा 'ऐकू' येतात. नुसतं डब लावून बसणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याला अर्धीच गोष्ट मिळालेली असते.

यानंतर व्हिडिओकडे वळा. जेरेमी मार यांच्या १९७७ च्या 'रूट्स रॉक रेगे' या माहितीपटात ली 'स्क्रॅच' पेरी त्याच्या 'ब्लॅक आर्क' स्टुडिओत दिसतो. अंगणातल्या छोट्याशा खोलीत हेप्टोन्स, ज्युनियर मर्विन हे गायक आणि वादक दाटीवाटीने उभे, आणि पेरी मिक्सरपुढे नाचतोय. अक्षरशः नाचत नाचत बटणं फिरवतोय. डब म्हणजे शरीराने केलेलं काम आहे, हे त्या काही मिनिटांत जितकं कळतं तितकं कुठल्याच लेखातून कळणार नाही, माझ्याही नाही.

आजचं पाहायचं तर मॅड प्रोफेसर. गयानात जन्मलेला, लंडनचा, 'अरिवा' स्टुडिओचा मालक. मंचावर बँड नसतो, फक्त मिक्सर आणि तो. कॅमेरा हातांवर असलेला व्हिडिओ निवडा. कुठला हात कुठल्या पट्टीवर गेला आणि कानात काय नाहीसं झालं, हे जुळवत बसा. दहा मिनिटांत डबचं व्याकरण येतं. एड्रियन शेरवुड आणि सायंटिस्ट यांच्याही मैफली याच पद्धतीने पाहण्याजोग्या.

एक चाल, अनेक गाणी

व्हिडिओ पाहता पाहता एक दिवस वाटेल, अरे, हे संगीत आधी ऐकलंय. बरोबर आहे. जमैकात संगीताच्या त्या पायाला 'रिडिम' म्हणतात आणि एकाच रिडिमवर डझनावारी गाणी होतात. आपल्याकडे भजनी मंडळं एकाच चालीवर वेगवेगळे अभंग बसवतात, त्यात कुणाला चोरी वाटत नाही. तसंच. 'स्टॅलॅग' रिडिम घ्या: सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम' आणि टेनॉर सॉचं 'रिंग द अलार्म' पाठोपाठ लावा. मग १९८५ चं वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' ऐका. त्याचा पाया कॅसिओच्या एका स्वस्त, घरगुती कीबोर्डमधल्या तयार तालावर आहे. तिथून जमैकन संगीत संगणकाच्या वाटेला लागलं.

डान्सहॉल या नाचाच्या शैलीकडच्या या वळणाबद्दल एक गोष्ट उघड सांगायला हवी. नव्वदच्या दशकातल्या काही गाजलेल्या गाण्यांत समलिंगी लोकांविरुद्ध उघड हिंसेची भाषा आहे. ताल कितीही पकडणारा असला तरी शब्द कळून घ्या आणि मगच ते गाणं पुढे पाठवा.

साउंड सिस्टिम

कोल्हापूर-सांगलीकडे गणपतीत ज्याला 'डॉल्बी' म्हणतात, तशा स्पीकरच्या भिंती जमैकात १९५० च्या दशकापासून रस्त्यावर आणि अंगणात उभ्या राहतायत. फरक हा की तिथे ते स्पीकर मंडळाने भाड्याने आणलेले नसतात, सिस्टिमवाल्याने स्वतः बांधलेले असतात, आणि प्रत्येक सिस्टिमचा आवाज तिच्या नावासारखा ओळखू येतो. निवड करणारा 'सिलेक्टर', माइकवर तालात बोलणारा 'डीजे'. या शब्दाचा अर्थ तिथे आपल्यापेक्षा वेगळा आहे. माइकवरची ही कला 'टोस्टिंग', तिचा मोठा उस्ताद यू-रॉय. लोक खूश झाले की तबकडी मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून.

व्हिडिओसाठी 'चॅनेल वन' आणि 'आबा शांती-आय' या लंडनच्या दोन सिस्टिम शोधा, नॉटिंग हिल कार्निव्हलसोबत. २०२३ साली गेलेल्या जा शाकाचं जुनं चित्रणही शोधा: अंधारी खोली, एकच टर्नटेबल, आणि रात्रभर उभे राहिलेले लोक. गर्दीतून मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत बास फाटतो, म्हणून वर्णनात थेट मिक्सरमधून आवाज घेतल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

म्युझिक व्हिडिओ म्हणून बनवलेले

इथे यादी छोटीच ठेवतो. म्युझिकल यूथचं 'पास द डची' (१९८२), दिग्दर्शक डॉन लेट्स: शाळकरी वयाची मुलं थेम्सच्या काठी, समोर ब्रिटिश संसद, बेधडक वाजवतायत. डेमियन मार्लीचं 'वेलकम टू जॅमरॉक' (२००५): पर्यटकांना दाखवतात तो जमैका आणि खरा जमैका. प्रोटोजे आणि क्रॉनिक्सचं 'हू नोज' (२०१४): हिरवागार, निवांत, आणि नव्या पिढीने जुन्या मुळांकडे कसं पाहिलं त्याचा पुरावा. कॉफी या गायिकेचं 'टोस्ट' (२०१८): तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती, आणि २०२० मध्ये रेगेचं ग्रॅमी घेऊन गेली.

आपल्या जवळचं

आपल्यापैकी अनेकांना किंग्स्टन माहीत झालं ते क्रिकेटमुळे. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ साली सबिना पार्कवर २१२ धावा काढल्या, त्या सुमारास त्याच शहरात वेलर्स ली पेरीसोबत गाणी रेकॉर्ड करत होते. नातं त्याहून जुनंही आहे. मे १८४५ मध्ये भारतातून गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं. रेगेच्या गाण्यांत सतत येणारा 'गांजा' हा शब्द तिथे आपल्या लोकांसोबत गेला.

उलट दिशेने, स्टील पल्सच्याच हँड्सवर्थमधला पंजाबी घरातला अपाची इंडियन १९९३ मध्ये 'बूम शॅक-अ-लॅक' घेऊन आला. आपल्याकडे केबल टीव्ही नुकता घरात आला होता. दिल्लीत २००९ पासून 'रेगे राजाज' ही साउंड सिस्टिम आहे, 'स्का वेंजर्स' हा बँड आहे. रेगे राजाजच्या पुढाकाराने २०१६ पासून उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर 'गोवा सनस्प्लॅश' हा महोत्सव सुरू झाला. त्याचे व्हिडिओ पाहा, आणि जमलं तर प्रत्यक्ष जा. निघण्याआधी त्या वर्षी तो आहे का आणि कुठे आहे, हे अधिकृत पानावर तपासा.

गेलात तर फोमचे कानातले बोळे खिशात ठेवा, औषधांच्या दुकानात मिळतात. त्यांनी कानावर येणारा आवाज दबतो, वरचा कर्कश भाग तर जास्तच, पण बास अंगातून येतच राहतो. स्पीकरच्या भिंतीला चिकटून उभं राहू नका, साधारण पंधरा-वीस पावलं मागे, मधोमध या. बूट काढा आणि अनवाणी उभे राहा. वाळूतून बास तळपायाला लागतो. मग मोजा: एक मोकळी, दोन, आणि तीनवर जमीन हलेल.